लाल टेकडीसाठी नवी जोडी

माझी स्की मोडली ही बातमी मी टेकडीवरून घरी पोहोचण्याआधीच दुबईच्या देऱ्यातल्या आमच्या गल्लीत पोहोचली होती. शेजारचे वलीभाई दारातच उभे होते आणि त्यांनी तोंड असं केलं होतं की 'कोण गेलं?' असं माझ्या अगदी ओठांवर आलं.

"शौकतभाई, खलास?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"खलास."

"दोन्ही?"

"उजवी. पण डावी एकटी राहून काय करणार?"

"सबर करा," वलीभाई म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उरलेलं लाकूड बघायला माझ्यामागून घरात आले.

इथे थोडा खुलासा करतो, कारण आमच्या रत्नागिरीकडच्या वाचकांना स्की म्हणजे काय हे माहीत असण्याचं कारण नाही. स्की म्हणजे पुढे वर वळलेल्या दोन लांब, अरुंद फळ्या. त्या बुटांना बांधतात आणि बर्फाच्या डोंगरावरून घसरत खाली येतात. आता दुबईत बर्फ मिळतो तो बर्फाच्या कारखान्यात, तोही मासळीसाठी. पण शारजाच्या पलीकडे वाळूची जी लाल टेकडी आहे तिच्यावरूनही घसरता येतं, हा शोध आमच्या कंपनीत जमिनीची तपासणी करायला आलेल्या एका स्विस साहेबाने लावला. तो परत जाताना आपली जोडी मला देऊन गेला. मी एक अख्खा हिवाळा पडलो आणि पुढच्या हिवाळ्यात उभा राहिलो. आज रत्नागिरी जिल्ह्याचा आणि स्कीचा विषय निघाला तर माणसाला फक्त शौकत परकार हे नाव घ्यावं लागतं. मी हे अभिमानाने सांगतो आहे, आणि का सांगू नये?

दरवर्षी बकरीदच्या दुसऱ्या दिवशी आमची सगळी कोकणी मंडळी लॉरीत बसून लाल टेकडीवर सहलीला जात. बोटींवरचे खलाशी, बंदरावरचे कारकून, दुकानदार, बायकामुलं, बिर्याणीचे टोप. आणि जेवणाआधी मी टेकडीवरून उतरत असे. मी उतरल्यावाचून कुणी टोपाचं झाकण काढत नसे. हा मान मला कुणी कागदावर लिहून दिला नव्हता, पण तो माझा होता.

वाळू मात्र लाकडाला बर्फासारखी माया लावत नाही. वर्षानुवर्षं घासून माझी जोडी पापडासारखी झाली होती आणि शेवटी ती पापडासारखीच मोडली. मी ती कोपऱ्यात उभी करून जरा वेळ खिन्न बसलो. चहा पिऊन उठलो तोवर माझ्या बायकोने, जुलेखाने, डावी स्की स्वयंपाकघरात दोन खिळ्यांवर आडवी ठेवून तिच्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या होत्या.

"कधीपासून एक फळी मागत होते," ती म्हणाली. माझ्या दुःखाची अशी बूज राखली गेली.

नवी जोडी ईदपर्यंत घेऊ, घाई कसली, असं मी स्वतःला समजावत होतो, तेवढ्यात आमच्या ऑफिसात डंकन साहेब हजर झाला. स्कॉटलंडहून नवाच आलेला असिस्टंट मॅनेजर. तरुण, लालबुंद, स्वभावाने वाईट नाही. त्याच्या सामानात धातूची चकचकीत स्कीची जोडी होती, कारण लाल टेकडीची कीर्ती म्हणे लंडनच्या ऑफिसपर्यंत गेली होती. ती कुणामुळे गेली हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"शौकत," तो मला म्हणाला, "यू आर द मॅन हू नोज द हिल, येस? स्प्लेंडिड! ईदला मी येतो. तू माझ्या स्की वर घेऊन चल आणि तुझ्या लोकांना खाली गोळा कर. आय विल शो देम हाऊ इट इज डन."

मी "येस सर" म्हणालो. नोकरीत तोंडाला तेवढी एक सवय लागलेली असते. साहेबाचा तो हुकूम मी रात्री जेवताना घरी सांगून टाकला. माझी मुलगी हाफिजा तेव्हा इंडियन स्कूलमध्ये जात होती. तिला काहीही विचारा, उत्तर इंग्रजीत.

"अब्बा," तिने घास खाली ठेवून विचारलं, "आर यू गोइंग टु बी हिज कूली? इन फ्रंट ऑफ एव्हरीबडी?"

जुलेखाने तिला दटावलं. पण मासळीचा काटा लागावा तसा तो प्रश्न मला लागला. ज्या टेकडीवर माझ्यासाठी बिर्याणी थांबत होती, त्याच टेकडीवर मी दुसऱ्याच्या स्की खांद्यावर घेऊन चढणार आणि माझी मुलगी खालून बघणार. नवी जोडी ईदच्या आत मिळालीच पाहिजे, हे त्या क्षणी ठरलं.

आता जोडी निवडायची कशी? सल्ल्याला आमच्या गल्लीत तोटा नाही. वरच्या मजल्यावरच्या हव्वाबी म्हणाल्या, जुनी मोडली ती नजर लागून, तेव्हा नवी काळी रंगव. वलीभाईंनी उंटावर बसून उतरण्याचा पर्याय सुचवला, कारण उंटाला मोडण्याची भीती नसते. त्यांच्या शेजारच्या दुकानदाराचं म्हणणं पडलं की एवढं करण्यापेक्षा पायी उतरावं. अशा माणसांशी मी वाद घालत नाही.

मी ऑफिसातून लंडनच्या एका दुकानाचं कॅटलॉग घरी आणलं आणि शास्त्रशुद्ध पद्धतीने कामाला लागलो. त्यात मऊ बर्फाच्या स्की वेगळ्या, कडक बर्फाच्या वेगळ्या, शर्यतीच्या वेगळ्या. आणि एक जोडी 'सर्व डोंगरांसाठी' अशी होती. मी तिच्यावर बोट ठेवलं. सर्व डोंगरांत आमची टेकडी येते की नाही? येतेच. टेकडीवर वरती भुसभुशीत वाळू, मध्ये वाऱ्याने घट्ट बसलेली, खाली खडी. एकाच उतारात तीन प्रकृती. सगळ्यांशी जमवून घेणारी जोडी हवी होती आणि लाकडाची हवी होती, कारण जुन्या जोडीचा लाकडी आवाज माझ्या कानात होता.

खाली गिऱ्हाइकाने आपली उंची, वजन आणि कौशल्य लिहायचं होतं. उंची लिहिली. वजन ऐन तारुण्यातलं लिहिलं. कौशल्याचे तीन प्रकार दिले होते: नवशिका, मध्यम, तज्ज्ञ.

"मध्यम लिहा," जुलेखा माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली.

"रत्नागिरी जिल्ह्यात माझ्यापुढे कोण आहे?"

"मागे तरी कोण आहे?"

मी तज्ज्ञ लिहिलं आणि पाकीट बंद केलं.

जोडी बोटीने आली आणि वेळेत आली. इथपर्यंत सगळं नीट होतं. मग ती बंदरावरच्या कचेरीत अडकली. तिथला अधिकारी सभ्य गृहस्थ होता, पण त्याला प्रत्येक वस्तूसाठी एक रकाना लागे आणि स्कीला रकाना नव्हता.

"ये क्या चीज है?" त्याने विचारलं.

"बर्फ पर चलने की चीज."

त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. उन्हात खाडी चमकत होती. त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "बर्फ किधर है?"

मी म्हटलं, वाळूवर चालवणार. त्याने लिहिलं, वाळूवर चालणारं वाहन. मग वाहनाला चाकं किती हा प्रश्न आला. चाकं नाहीत म्हटल्यावर त्याने फर्निचरचा रकाना उघडला, तिथे पाय किती हा प्रश्न होता. पुढच्या टोकांकडे बघून त्याच्या शेजारच्याने हत्याराची शंका काढली. मला "बुकरा" सांगण्यात आलं, म्हणजे उद्या या. ते उद्या आठवडाभर चाललं.

अशा वेळी वलीभाई धावून आले. ते बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटाकडे कारकून होते आणि बंदरावरची प्रत्येक अडचण आपल्याला खालच्या आवाजात सोडवता येते असा त्यांचा दावा होता.

"शौकतभाई, तुम्ही सीधे माणूस आहात, म्हणून अडकता," ते म्हणाले. "बोटीच्या सामानाला इथे कोण सवाल करत नाही. मी लिहितो, होडीचं सामान, फळ्या, एक जोडी. यल्ला, चला, उद्या घरी."

कागद खरोखर एका सकाळीत मंजूर झाला. पण होडीचं सामान ज्या वखारीत जातं तिथेच ते गेलं, आणि तिथून होडीचं सामान जसं जातं तसंच, म्हणजे एका गलबतात चढून पार पलीकडच्या किनाऱ्यावर, खोरफक्कानला गेलं. मी संध्याकाळी वखारीत पोहोचलो तेव्हा शीडसुद्धा दिसत नव्हतं. वलीभाईंना तोंड लपवायला जागा नव्हती, कारण आमची भिंत एकच होती.

पुढच्या फेरीला त्या गलबताच्या नाखव्याने निरोप धाडला. फळ्या फारच उत्तम आहेत, मासळी वाळत घालायला इतक्या गुळगुळीत फळ्या त्याने पाहिल्या नव्हत्या, आणखी असतील तर पाठवाव्यात. माझी तज्ज्ञांसाठीची, सर्व डोंगरांसाठीची जोडी अशा रीतीने सुरमईखाली गेली. ती परत मागवेपर्यंत ईद होऊन गेली असती.

तिकडे डंकन साहेब रोज मला विचारत होता, "ऑल सेट, शौकत?" आणि हाफिजा रोज मला काही विचारत नव्हती. हे दुसरं जास्त जड जात होतं.

शेवटी मीच खाडीकाठी गेलो. तिथे होड्या बांधणारे सुतार बसत आणि त्यांत आमचे जैतापूरचे खैरुद्दीन मिस्त्री होते. मिस्त्रींनी आयुष्यात कधी नकाशा काढून होडी बांधली नाही. डोळ्याने मापायचं आणि हाताने करायचं, ही त्यांची रीत. मी कॅटलॉगातलं चित्र पुढे केलं. त्यांनी ते उलटं धरून पाहिलं, मग सुलटं धरून पाहिलं आणि परत दिलं.

"होडीच आहे," ते म्हणाले. "जरा रोडावलेली आहे, एवढंच. माल किती भरणार?"

"माल नाही. मी उभा राहणार."

"म्हणजे माल तुम्ही. जेवण्याआधीचे की जेवल्यानंतरचे?"

मी जेवण्याआधीचा म्हटलं. त्यांनी माझ्या पोटाकडे बघून मनातल्या मनात दुरुस्ती केली. मग लाकडाची निवड सुरू झाली. तिथे अशी काही मजा आली की लंडनचं कॅटलॉग मी विसरून गेलो. आंब्याचं लाकूड हलकं, पण भरवशाचं नाही. फणसाचं पिवळं, देखणं, पण मिस्त्रींच्या मते ते दाराखिडक्यांना शोभतं. सागाची एक जुनी फळी त्यांनी ढिगातून ओढून काढली, नखाने टोकरली, तिच्यावर कान ठेवून टिचकी मारली आणि मलाही कान लावायला सांगितलं. खणखणीत, गोड, लाकडी आवाज. माझा जीव तिथेच त्या फळीवर बसला. डोंगर कुठलाही असो, हीच माझी जोडी.

"सुकाणू कुठे लावू?" मिस्त्रींनी विचारलं.

"सुकाणू नको. नुसती नीट, सरळ चालली पाहिजे."

हे वाक्य मी बोललो. पुढे जे झालं त्याचं बी तिथे पडलं, पण त्या वेळी ते मला फार समंजस वाक्य वाटलं होतं.

ईदच्या आदल्या दिवशी जोडी घरी आली. काय तिचं रूप! पुढची नाळ, म्हणजे होडीचं नाक, बगळ्याच्या मानेसारखी वर उठलेली, कडा तासलेल्या, अंगाला मुशी माशाच्या तेलाचे हात दिलेले, जसे ते प्रत्येक नव्या होडीला देतात. उजव्या फळीवर पांढऱ्या रंगात होडीचं नाव असतं तसं 'जुलेखा' लिहिलं होतं आणि डावीवर बंदराचं नाव, 'रत्नागिरी'. जुलेखा आधी लाजली, मग शेजारणीला बोलावून दाखवायला लागली. मुशीच्या तेलाच्या वासाने देऱ्यातली समस्त मांजरं आमच्या दाराशी जमली. सबंध रात्र त्यांनी जो आक्रोश केला त्याबद्दल दुसऱ्या दिवशी नमाजानंतर गळाभेट घेताना प्रत्येक शेजाऱ्याने माझ्या कानात एकेक वाक्य सुनावलं.

जोडी उलटी करून बघायचं मात्र मला सुचलं नाही. ते मी टेकडीच्या पायथ्याशी केलं. दोन्ही फळ्यांच्या तळाला मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक बोटभर उंचीचा कणा बसवलेला होता. होडीच्या तळाला असतो तसा.

"मिस्त्री, हे काय?"

"त्याशिवाय सरळ कशी जाणार?" खैरुद्दीन मिस्त्री म्हणाले. "कणा नसलेली होडी आणि नशा केलेला खलाशी, दोघं सारखेच."

ज्याला स्की माहीत आहे त्याला सांगायला नको, की सगळी कला वळण्यात असते. वळत वळत यायचं, म्हणजे वेग हातात राहतो. आणि माझ्या पायाखाली आता अशी वस्तू होती जी वळणं हा आपला अपमान समजणार होती. पण मागे फिरायला जागा नव्हती. अख्खी जमात ताडपत्रीखाली बसली होती. तेवढ्यात डंकन साहेबाची लँडरोव्हर आली. त्याने आपली चकचकीत जोडी काढली आणि माझ्यापुढे धरली.

मी माझी जोडी खांद्यावर घेतली. "सॉरी सर," मी म्हटलं, "हात रिकामे नाहीत."

साहेबाने माझ्या फळ्यांकडे पाहिलं, नावं वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "आय से! यू स्की?"

"सिन्स लाँग, सर."

तो माणूस खरोखरच वाईट नव्हता. त्याने मुकाट्याने आपल्या स्की आपल्या खांद्यावर टाकल्या आणि आम्ही बरोबरीने चढलो. हाफिजा हे बघत होती. मला तिथेच खाली उतरून जेवायला बसायला हरकत नव्हती.

वर पोहोचल्यावर मिस्त्री धापा टाकत मागून आले. नवी होडी फातिहाची दुआ झाल्याशिवाय पाण्याला लागत नाही, तर ही वाळूला कशी लागेल? त्यांनी ताटलीत मलिदा आणला होता. साहेबाला आम्ही आधी उतरायची विनंती केली, कारण आम्हाला वेळ लागणार होता.

साहेब उतरला, आणि खोटं कशाला बोलू, सुंदर उतरला. डावीकडे झुकला, वाळूचा पंखा उडाला. उजवीकडे झुकला, पुन्हा पंखा. एखाद्या माणसाने वळणदार सही करावी तशी त्याने अख्ख्या टेकडीवर सही केली आणि पायथ्याशी गर्रकन फिरून थांबला. हात वर करून तो टाळ्यांची वाट बघू लागला.

खाली एकही टाळी वाजली नाही. आमची मंडळी हळहळत होती.

"बिचाऱ्याचं सरळ जातच नाही," वलीभाईंचा आवाज वर ऐकू आला.

"एकदा इकडे, एकदा तिकडे," एक म्हातारा खलाशी म्हणाला. "नवीन माल आहे, पण भरकटतो."

"वाचला, अल्लाची मेहेरबानी," हव्वाबी म्हणाल्या, आणि जुलेखाने साहेबाला बसायला सतरंजी आणि प्यायला पाणी पाठवलं.

मग फातिहा झाली, मलिदा वाटला गेला आणि मी निघालो. वरच्या भुसभुशीत वाळूत जोडी जरा विचार करत होती. मधल्या घट्ट वाळूवर तिला कंठ फुटला, तोच तो सागाचा आवाज. मी सवयीने डावा गुडघा वाकवला. काही नाही. उजवा वाकवला. काही नाही. दोन्ही कणे वाळूत दोन रेघा ओढत सुटले होते, आणि त्या रेघा पट्टीने आखाव्यात तशा होत्या. वेग इतका झाला की माझी टोपी मागे राहिली. साहेब सतरंजीवर पाणी पीत होता, त्याचा पेला तसाच हवेत राहिला. ताडपत्री गेली, बिर्याणीचे टोप गेले, वाळवंटातल्या बदू धनगरांच्या शेळ्या दोन बाजूंना फाकल्या. खडीवर जोडी वाजली, खडखडली, पण वळली नाही. आजवर मी ज्या जागी थांबत होतो ती जागा कधीच मागे पडली होती. शेवटी आदल्या आठवड्यातल्या पावसाने झालेला चिखलाचा पट्टा आला, त्यात ती नाळेपर्यंत रुतली, आणि मी तिच्यावर ताठ उभा राहिलो. पडलो नाही. हे साक्षीपुराव्याने सिद्ध आहे. पडलो नाही!

मग जो गलका उठला तसा मी त्या टेकडीवर कधी ऐकला नव्हता. माणसं धावत सुटली. खलाशांनी लॉरीचा दोर आणला, माझ्या कमरेला बांधला आणि होडी किनाऱ्यावर ओढतात तसं "हैय्या हो, हैय्या हो" करत मला जोडीसकट चिखलातून बाहेर काढलं. मी नाखव्यासारखा हात पाठीमागे बांधून उभा होतो. खैरुद्दीन मिस्त्री माझ्याकडे बघतही नव्हते. ते माझ्या मागच्या दोन रेघा टेकडीच्या माथ्यापर्यंत डोळ्याने तपासत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं. वाळू गेली असेल, पण सगळीच काही वाळू नव्हती.

डंकन साहेब धावत आला. "गुड गॉड, शौकत, व्हाय डिडन्ट यू टर्न?"

"काय म्हणतो साहेब?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. "विचारतोय," मी म्हटलं, "इतकं सरळ कसं जमलं?"

मिस्त्रींनी पुढे होऊन साहेबाचा हात हातात घेतला. "साब, फिकर नहीं. आप का भी बराबर कर के देगा. तुम्हारे नीचे भी कणा लगा देगा." साहेबाला शब्द कळले नाहीत, पण मिस्त्रींचा चेहरा बघून तो थँक यू म्हणाला.

टोपांची झाकणं निघाली. मला मधोमध बसवलं, साहेबाला माझ्या शेजारी, आणि पहिलं ताट कुणापुढे गेलं हे मी लिहीत नाही. हाफिजा माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली, अगदी चिकटून, चिखलाची पर्वा न करता. तिने टेकडीवरच्या साहेबाच्या वळणावळणांच्या रेषेकडे पाहिलं, मग माझ्या रेघांकडे पाहिलं, आणि माझ्या कानाशी येऊन दबक्या आवाजात विचारलं, "अब्बा, पुअर मॅन, व्हाय डिड ही गो लाइक अ क्रॅब?"

मी साहेबाच्या ताटात मटणाचा एक चांगला तुकडा वाढला.

"नवा आहे गं," मी म्हटलं. "शिकेल हळूहळू."